पावसाळ्याची बेगमी आणि दाराशी टांगलेले दप्तर

मावळातील गृहिणीस पावसाळ्याची तयारी नव्याने शिकवावी लागते असे नाही. घाटमाथ्यावरील लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस तळेगाव दाभाड्याकडे उतरत गेले असता हे प्रमाण निम्म्याहूनही कमी होते. तथापि पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ ह्या तिन्ही खोऱ्यांच्या वरच्या अंगास असलेल्या गावांना आषाढ-श्रावणातील झडीचा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. वैशाख सरता सरता सरपण माळ्यावर चढे, गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जात, कणगीत भात, गाडग्यात मीठ, डब्यात पापड-कुरडया, असा सारा संसार आगाऊ भरून ठेवला जाई. घर शाकारले जाई. ह्यासच बेगमी म्हणत. पुढे रस्ते झाले, कामशेत, वडगाव, लोणावळा येथील बाजार तासाभराच्या अंतरावर आला, चुलीच्या जागी गॅस आला, आणि चार महिन्यांची बेगमी चार दिवसांवर आली. ह्यात कोणाचा दोष नाही. मात्र जुन्या बेगमीने जी एक गोष्ट कधीच केली नव्हती, तिची गरज अलीकडच्या काही वर्षांत फार तीव्रतेने भासू लागली आहे. ती गोष्ट म्हणजे घर सोडण्याची तयारी.

बेगमी ही घरात बसून राहण्यासाठी असते. पाऊस कोसळत राहिला तरी छप्पर शाबूत आहे, जमीन पायांखाली आहे, असे ती गृहीत धरते. ३ जून २०२० रोजी हे गृहीत चुकले. त्या दिवशी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. किनाऱ्याशी त्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या घरात होता. अशी वादळे जमिनीवर चढताच क्षीण होऊ लागतात, कारण त्यांचे इंधन म्हणजे समुद्राच्या ऊबदार पाण्याची वाफ. म्हणूनच वादळ ही कोकणची गोष्ट, सह्याद्रीची भिंत ओलांडून ते येत नाही, असा घाटावरील माणसांचा समज होता. पण ‘निसर्ग’ रायगड ओलांडून ईशान्येकडे पुणे जिल्ह्यात शिरले. मावळात घरांचे व शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, फुलशेतीची हरितगृहे मोडून पडली आणि कित्येक गावे पुढे काही दिवस अंधारात राहिली. पिठाची गिरणी बंद, नळाचे पाणी बंद, फोन मुका.

वाऱ्याहूनही मोठे भय डोंगराचे आहे. ३० जुलै २०१४ च्या पहाटे ह्याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर कडा कोसळला. १५१ माणसे गेली. गाव दिसत नाही ही वार्ता प्रथम बाहेर पोहोचवली ती तेथे जाणाऱ्या एस.टी.च्या चालकाने. १९ जुलै २०२३ च्या रात्री लोणावळ्याच्या घाटाखाली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले. त्या वाडीस रस्ता नव्हता. मदतीस गेलेल्या माणसांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला, आणि यंत्रे वर नेता न आल्यामुळे माती फावड्यांनी उपसावी लागली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन मावळातच, सुदुंबरे येथे आहे. गिर्यारोहणाचा सराव असलेले स्वयंसेवकही लोणावळ्यात आहेत. तरीही वाट तुटली, ओढे भरले, एकाच रात्री अनेक ठिकाणी संकट आले, तर मदत यावयास वेळ लागतोच. तेवढा काळ, म्हणजे साधारणतः तीन दिवस, कुटुंबास आपल्या बळावर काढता यावेत, ह्या हिशेबाने तयारी करावयाची असते.

ह्या तयारीचे दोन भाग करावे लागतात, आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. पहिला भाग घरी राहण्याचा. त्यात मुख्य वस्तू पाणी. माणशी रोज तीन ते चार लिटर पाणी पिण्यास व स्वयंपाकास लागते. पाच माणसांच्या घरास तीन दिवसांचे ४५ ते ६० लिटर. बाहेर धो धो पाऊस पडत असता पाणी साठवण्यास सांगणे हास्यास्पद वाटेल, परंतु पुराच्या दिवसांत विहीर, झरा व नळ तिन्ही गढूळ होतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. हा भेद मुलांना आवर्जून सांगावा, कारण निवळलेले पाणी शुद्धच असते असे पुष्कळांना वाटते. पाणी गाळून घ्यावे व खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसेच उकळू द्यावे. जुलाब सुरू झाल्यास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजावे. चमचा चहाचा, आणि मीठ ह्याहून अधिक नको.

दुसरा भाग घराबाहेर पडण्याचा. पाठीवर घेता येईल अशी एकच पिशवी, दोन्ही हात मोकळे राहतील अशी, हे तिचे मुख्य लक्षण. विकत आणण्याचे कारण नाही. मुलाचे गतवर्षीचे जुने दप्तर, पट्टे शिवून घट्ट केले की पुरते. आत आधी प्लॅस्टिकची जाड पिशवी घालावी, कारण मावळी पावसापुढे दप्तराचे कापड टिकत नाही. वजन आठ-दहा किलोंच्या वर जाऊ नये. जे मोठ्या माणसास चिखलातून, मूल कडेवर घेऊन, नेता येत नाही, ते पिशवीत असून नसल्यासारखेच.

आत काय असावे? सर्वांत आधी नित्याची औषधे. रक्तदाबाची गोळी चुकली तर आजोबांचे काय होते हे घरास ठाऊक असते, पण धावपळीत ती डबी नेमकी फडताळात राहते. यास्तव आठ दिवसांची निराळी पुडी करून, नाव व वेळ लिहून ठेवावी. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर शीतकपाट बंद पडले म्हणून घाबरू नये. वापरात असलेली कुपी लोणावळ्याच्या पावसाळी गारव्यात, घरातल्या हवेतच, सुमारे चार आठवडे चांगली राहते. त्यानंतर विजेरी. तिचे सेल आत न ठेवता बाजूला कागदात गुंडाळून ठेवावेत, नाहीतर दमट हवेत ते पाझरून विजेरीच निकामी होते. एक शिट्टी. ढिगाऱ्याखालून किंवा धुक्यातून माणसाची हाक दूर जात नाही, शिट्टी जाते, आणि ओरडून घसा बसतो तसा श्वास लवकर संपत नाही. लहान रेडिओ असल्यास उत्तम. भ्रमणध्वनीचा मनोरा बंद पडला तरी आकाशवाणी ऐकू येते. भ्रमणध्वनीसाठी भरलेली पॉवर बँक ठेवावी.

खाण्याचे पदार्थ शिजवावे न लागणारे हवेत. गूळ, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेल्या नाचणीचे पीठ. शेंगदाणे ठेवल्यास दर पंधरा दिवसांनी बदलावेत. बुरशी आलेला दाणा विषारी असतो व तो भाजल्याने सुधारत नाही. माणशी एक लिटर पाण्याची बाटली. शिधापत्रिका, आधार, सातबारा, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्माचे व लसीकरणाचे दाखले ह्यांच्या प्रती एका मेणकापडात. थोडी रोकड, तीही सुट्या नोटांत, कारण वीज नसता यंत्रातून पैसे निघत नाहीत. स्त्रियांच्या मासिक पाळीसाठी लागणारे कापड वा पॅड संकोचापायी विसरले जातात. ते आठवणीने घालावेत. एक लोकरी कपडा माणशी, कारण लोकर ओली झाली तरी ऊब देते. अंगावरील घोंगडीचा हाच तर गुण. परंतु भिजलेल्या घोंगडीचे वजन फार होते, म्हणून ती पिशवीत नको.

पिशवी दाराशेजारच्या खुंटीवर टांगावी. माळ्यावर किंवा कुलुपाच्या पेटीत ठेवलेली पिशवी ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

ती केव्हा उचलावयाची हे ठरलेले नसेल तर वरील सारी खटपट वाया जाते. हवामान खाते २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पावसास ‘अत्यंत मुसळधार’ म्हणते व त्यासाठी लाल इशारा देते. डोंगरपायथ्याच्या वस्तीने त्याखेरीज आपल्या डोळ्यांनीही पाहावे. घरामागील उतारावर नवी भेग पडणे, झाडे वा खांब कलणे, चांगली लागणारी दारे अचानक अडकू लागणे, ओढ्याचे पाणी भर पावसात एकाएकी आटणे किंवा लालभडक गढूळ होणे, ही डोंगर हलू लागल्याची चिन्हे होत. ह्यांपैकी एकही दिसले तर दिवसाउजेडीच निघावे. रात्रीची वाट पाहू नये. गुरांची दावी सोडून मगच निघावे, बांधलेले जनावर स्वतःस वाचवू शकत नाही. वाट ओढ्याच्या कडेने नसावी. पवना व इंद्रायणीकाठच्या गावांनी धरणातून पाणी सोडल्याच्या सूचनेकडे असेच लक्ष द्यावे. साहाय्यासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक पिशवीच्या झाकणाच्या आतील बाजूस शाईने लिहावेत.

शाळेच्या दृष्टीने एक अडचण ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या शाळा जूनच्या मध्यास उघडतात, आणि ‘निसर्ग’ आले ते ३ जूनला. शाळा सुरू झाल्यावर दिलेला हा पाठ त्या वर्षी उशिराचा ठरला असता. यास्तव तो एप्रिलमध्ये, उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी घ्यावा, आणि पिशवी तयार करणे हा सुटीचा गृहपाठ म्हणून द्यावा. चौथीच्या मुलास यादी वाचता येते, वजन करता येते, घरातील पाच माणसांच्या पाण्याचा गुणाकार करता येतो. परीक्षा मात्र घरी व्हावी: संध्याकाळी दिवे मालवून मुलाने चाचपडत पिशवी शोधावी, विजेरीत सेल घालावेत आणि घरातील सर्वांनी ठरलेल्या जागी जाऊन उभे राहावे. पहिल्या खेपेस आजी घरातच राहते, असा अनुभव पुष्कळ घरांत येईल. मग आजीचा हात कोणी धरावयाचा हे त्याच संध्याकाळी ठरते.

पाऊस ओसरला म्हणून पिशवी लगेच मोडू नये. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये व नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळे उठतात. १९४८ साली मुंबईस बसलेला मोठा तडाखा नोव्हेंबरातला होता. कार्तिकी पौर्णिमा उलटली की सेल भिंतीवरच्या घड्याळात घालावेत, औषधांच्या तारखा पाहाव्यात आणि राजगिऱ्याचे लाडू मुलांना वाटून टाकावेत.