मे महिन्यातली बायबल शाळा

मे महिना उजाडला की आमच्या मंडळीतल्या मुलांना व्हीबीएसचे वेध लागतात. सुट्टीतल्या या बायबल शाळेची एक सुरुवात न्यूयॉर्कमधली. १८९८ साली एलायझा हॉज यांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांसाठी चक्क एक बिअर हॉल भाड्याने घेऊन वर्ग भरवले!

आपल्याकडे कृतिगीतं, वचनांचं पाठांतर, चित्रकाम असं सगळं असतं आणि शिकवायला उभी राहतात तरुण संघातली मुलं. मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. दहावी झालेली पोरगी चिमुकल्यांना योनाची गोष्ट सांगते, तेव्हा ती स्वतःही ती नव्याने वाचते.

शाळा संपली की आम्ही सहकुटुंब केडगावला जातो, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा.