मोठा कलाकार, मोठा ‘मी’?

कलावंत म्हटला की तो लहरी, तऱ्हेवाईक आणि स्वतःतच गुंग असणार, हे आपण धरूनच चालतो. एखादा साधा, वेळेवर येणारा, बिलं भरणारा निघाला तर ‘हा कसला कलावंत?’ अशी शंका घेतो. पण थोरांच्या चरित्रांत डोकावलं की हिशेब काही इतका सरळ लागत नाही. पाहा तर!

छातीवरची सही
रोमचं ‘पिएता’ शिल्प पूर्ण झालं तेव्हा मायकलअँजेलो विशीतच होता. बघ्यांनी त्याचं श्रेय भलत्याच शिल्पकाराला दिलेलं त्याच्या कानावर आलं. गडी रात्री दिवा आणि छिन्नी घेऊन गेला आणि मेरीच्या छातीवरच्या पट्ट्यावर नाव कोरून आला, असं त्याचा चरित्रकार वासारी सांगतो. पुढे ‘डेव्हिड’ घडवला, सिस्टाइन चॅपलचं छत रंगवलं, पण सही पुन्हा कशावरच नाही. गरजच उरली नव्हती!

लांबलचक सही, चढा भाव
चित्रावरच्या सहीचा आकार हे अहंकाराचं माप मानून एका संशोधनात लिलावाचे आकडे तपासले गेले. मोठ्या सहीची चित्रं चढ्या भावाने विकली गेल्याचं दिसलं. लगेच ब्रश उचलू नका. भाव आणि थोरवी यांची गाठ रोज पडतेच असं नाही.

माझं थिएटर, माझेच ऑपेरे
जर्मन संगीतकार रिचर्ड वाग्नर देणेकऱ्यांना चुकवत गावोगाव पळाला, पण रेशमी कपड्यांची हौस सुटली नाही. 1864 मध्ये बव्हेरियाचा तरुण राजा दुसरा लुडविग मदतीला धावला. मग वाग्नरने बायरॉइटला खास स्वतःच्या ऑपेरांसाठी नाट्यगृह बांधून घेतलं. ते 1876 मध्ये सुरू झालं आणि तिथल्या महोत्सवात आजही वाग्नरच गाजतो. ‘मी’पणाला 10 पैकी 11 गुण!

आरशातला फुकटचा मॉडेल
व्हिन्सेंट व्हॅन गॉगने चार-पाच वर्षांत स्वतःची पस्तीसेक चित्रं रंगवली. केवढा हा स्वतःवर जीव? छे! मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्याने आरसा घेतला. त्याची शेकडो पत्रं उपलब्ध आहेत, त्यातली बहुतेक भाऊ थिओला लिहिलेली. हे दोघे भाऊ गेल्यावर थिओची पत्नी यो हिने ती चित्रं आणि पत्रं जपली, प्रदर्शनं भरवली आणि 1914 मध्ये पत्रं छापून आणली. तिच्याशिवाय व्हिन्सेंट जगाला कळला असता का, शंकाच आहे.

शाईने माखलेले हात कुणाचे?
‘युद्ध आणि शांती’ लिहिली टॉलस्टॉयने. त्याचं किचकट, खाडाखोडीचं हस्तलिखित पुन्हा पुन्हा स्वच्छ उतरवून काढलं पत्नी सोफियाने. मधूनमधून बाळंतपणंही होतीच, आयुष्यभरात एकूण तेरा.
आपल्याकडे सुनीताबाई देशपांड्यांनी 1990 मध्ये ‘आहे मनोहर तरी’ लिहिलं आणि महाराष्ट्राच्या लाडक्या पुलंबरोबरच्या संसाराची दुसरी बाजू निर्भीडपणे मांडली. पुलंचे चाहते चमकले. पण पडद्यामागचं व्यवस्थापन, करार, पैशाअडक्याचा चोख व्यवहार सांभाळणारं कुणीतरी असतं, म्हणून पुढचा माणूस गाण्यात आणि गप्पांत रमू शकतो, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच उमगलं.

दुःखाच्या दिवशी भामिनी
12 मार्च 1911. ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. बालगंधर्व नाटकाची नायिका भामिनी होऊन उभे राहिले. याला आत्मकेंद्री म्हणायचं की रसिकांसाठी स्वतःला विसरणं? उत्तर देण्याआधी 1921 कडे वळा. टिळक स्वराज्य फंडासाठी त्यांनी प्रतिस्पर्धी कंपनीच्या केशवराव भोसल्यांबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं. दोन सिंह, एकच रंगमंच! प्रयोग तुफान गाजला. केशवराव मात्र त्यानंतर तीनच महिन्यांत गेले.

ताईंचा धाक
किशोरी आमोणकरांच्या मैफलीत कुजबुज करायची कुणाची छाती नव्हती. तानपुरे मनासारखे जुळेपर्यंत श्रोत्यांनी थांबायचं. ‘फार नखरे बाई,’ असं कुजबुजणारे कमी नव्हते. पण यामागे आईचे दिवस होते. मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिकेला आयोजक कशी वागणूक देतात, हे किशोरीताईंनी लहानपणी पाहिलं होतं. कलाकाराचा मान राखून घ्यायचा, हे तिथेच ठरलं.

आधी भांडण, मग माघार
फिल्मफेअर पुरस्कारांत गायकांसाठी विभागच नव्हता, म्हणून लता मंगेशकरांनी त्यांच्या सोहळ्यात गायला नकार दिला. 1959 मध्ये विभाग सुरू झाला आणि ‘मधुमती’साठी पहिला पुरस्कार कुणाला? लतादीदींनाच! आणि साधारण दहा वर्षांनी ‘आता नव्यांना द्या’ म्हणून त्या स्वतःहून बाजूला झाल्या. गंमत म्हणजे याच लतादीदींनी ‘साधी माणसं’सारख्या मराठी चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या टोपणनावाने, नाव लपवून!

वर्षाला पाच-सहा, बस्स!
नागपुरात जन्मलेले, मूळ गोव्याकडच्या घरातले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे. माणसांत फारसं मिसळणं नाही, स्वतःची जाहिरात तर नाहीच. 2001 मध्ये गेले. 2013 मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटींहून अधिक किमतीला गेलं. एकांत पराकोटीचा, पण मिरवणं शून्य.

डॉक्टरसाहेबांचा अपवाद
पेशाने डॉक्टर असलेला रशियन लेखक अंतोन चेकॉव्ह 1890 मध्ये, क्षयाची लक्षणं दिसत असूनही, सायबेरिया ओलांडून साखालिन बेटावर गेला. कशाला? तिथल्या कैद्यांची अवस्था पाहायला. एकेकाला भेटून त्याने सुमारे दहा हजार कार्डं भरली. पुढे मेलिखोव्हो गावी शेतकऱ्यांना फुकट तपासलं, कॉलऱ्याच्या साथीत गावं सांभाळली, शाळा बांधल्या. आणि याच धबडग्यात ‘सीगल’ हे नाटकही लिहिलं.

तर मग निकाल काय?
कामात बुडून जाणं यातल्या प्रत्येकाला जमलं होतं, त्यावाचून थोर काम होत नाही. स्वतःवर भाळणं मात्र ऐच्छिक विषय. वाग्नरने तो घेतला, चेकॉव्हने सोडला, दोघेही पहिल्या वर्गात पास. फरक पडतो तो भोवतालच्या माणसांना. तेव्हा ‘मी कलाकार आहे, मला घरातली कामं सांगू नका’ असं कुणी म्हणालंच, तर त्याला खुशाल चेकॉव्हचं नाव सांगा आणि हातात भाजीची पिशवी द्या!