गुंठ्यांच्या गावात रस्ता कुठून आणायचा?

पुण्याबाहेर कुठल्याही हमरस्त्याने निघा, ‘एनए प्लॉट’च्या पाट्या संपता संपत नाहीत. एकराचे 40 गुंठे. त्यातले एक-दोन गुंठे तोडून विकायचे आणि मधे बैलगाडीपुरती वाट सोडायची, ही इथली रीत, म्हणजेच गुंठेवारी. पुढे त्याच वाटेवर पाण्याचा टँकर आणि शाळेची बस समोरासमोर येतात. मागे कुणी घ्यायचं यावर भांडण जुंपतं. रस्ता रुंद करायचा म्हटलं, तर सातबारावर डझनभर नावं चढलेली असतात.

महापालिका येते ती यानंतर. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुण्यात आली आणि क्षेत्रफळात पुणे महापालिकेने मुंबईलाही मागे टाकलं. घरं मात्र आधीच उठली होती.

यावरचा इलाज शंभर वर्षांहून जुना आहे. मुंबई इलाख्यात 1915 साली नगररचनेचा कायदा झाला. पार्ले-सांताक्रुझच्या घरांच्या कागदांवर आजही ‘टीपीएस’ (नगररचना योजना) आणि ‘एफपी’ (अंतिम भूखंड) क्रमांक सापडतात, ते त्याच पद्धतीचे. सगळ्यांच्या जमिनी नकाशावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी प्रत्येकाचा हिस्सा काढायचा आणि उरलेला भाग नीट आखून मूळ मालकालाच परत द्यायचा. जमीन घटते, पण हाती रस्त्यालगतचा प्लॉट येतो. भूसंपादनासाठी सरकारला तिजोरीही रिकामी करावी लागत नाही.

राज्य वेगळं झाल्यावर, 1960 नंतर, गुजरातने हा वारसा नेटाने चालवला. योजनेला अंतिम मंजुरी मिळेपर्यंत वर्षानुवर्षं जात, म्हणून 1999 मध्ये कायदा बदलून मसुद्याच्या टप्प्यावरच रस्त्यांची जमीन ताब्यात घेण्याची सोय केली. अहमदाबादभोवतीच्या 76 किलोमीटरच्या सरदार पटेल रिंगरोडला नगररचना योजनांचाच मोठा आधार मिळाला. महाराष्ट्राच्या 1966 च्या नगररचना कायद्यातही अशा योजनांची तरतूद होतीच. पण आपण विकास आराखड्यात आरक्षणं टाकत राहिलो आणि ती ताब्यात घ्यायला पैसे नाहीत म्हणून हात चोळत बसलो. फार उशिरा पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीए) माण-म्हाळुंगेत सुमारे 250 हेक्टरवर अशी योजना हाती घेतली.

हडपसरच्या मगरपट्ट्यात तर शेतकऱ्यांनीच पुढाकार घेतला. सुमारे 120 कुटुंबांनी 400 एकरांच्या आसपास जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागीदारी घेतली. त्यातली बरीचशी कुटुंबं भावकीतलीच, त्यामुळे बोलणी जमली. गुंठेवारीत मात्र शेजारी एकमेकांना ओळखतही नाहीत, आणि दोन गुंठ्यांच्या मालकाला हिस्सा सोड म्हटलं, तर त्याचं बांधलेलं घरच आड येतं.