कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर : भीती आणि व्यायाम
कंबरेच्या मणक्यांतील सरकलेल्या चकतीवर शस्त्रक्रिया झाल्यावर, हालचाल केल्यास ती पुन्हा सरकेल अशी धास्ती अनेक रुग्णांस वाटते. घरची मंडळीही त्यांस अंथरुणावरून उठू देत नाहीत. भौतिकोपचारतज्ज्ञाची दृष्टी निराळी असते. दीर्घ विश्रांतीने स्नायू दुर्बळ होतात. म्हणून शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने रुग्णास बहुधा दुसऱ्याच दिवशी चालविले जाते. ४ ते ६ आठवड्यांनी सुरू केलेल्या व्यायामाने वेदना लवकर कमी होतात आणि पुनःशस्त्रक्रियेचे प्रमाण वाढल्याचे दिसत नाही, असे कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१४ च्या आढाव्यात आढळले. जड ओझे मात्र अनुमतीवाचून उचलू नये. पायांतील शक्ती घटल्यास वा लघवी अडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. रुग्णाने शंका मोकळेपणी विचारणे आणि तज्ज्ञाने तिचे निरसन करणे, हेही उपचाराचेच अंग होय.