चौकात सिग्नल बसवायचा की नाही, हे कशावरून ठरतं?

चौकात अपघात होतो. कुणाचा तरी जीव जातो. दुसऱ्या दिवशी रास्ता रोको होतो, निवेदनं दिली जातात आणि मागणी एकच असते, "इथे सिग्नल बसवा." वाहतूक पोलीस आणि महापालिकेचे अधिकारी येऊन पाहणी करतात. मग कधी सिग्नल लागतो, कधी "प्रस्ताव विचाराधीन आहे" असं उत्तर मिळतं. लोकांना ही टाळाटाळ वाटते, आणि काही वेळा ती असतेही. पण सिग्नल कुठे लावावा याचे लेखी निकष आपल्याकडे गेली ४० वर्षं आहेत. मागणी करणाऱ्यांपैकी फार कमी जणांना ते माहीत असतात.

निकष कुणाचे आहेत?

भारतातले रस्ते कसे बांधायचे याचे नियम 'इंडियन रोड्स काँग्रेस' म्हणजे आयआरसी तयार करते. नावात काँग्रेस असली तरी पक्षाशी संबंध नाही, ही १९३४ साली स्थापन झालेली महामार्ग अभियंत्यांची संस्था आहे. सिग्नलसाठी तिची 'आयआरसी ९३' ही मार्गदर्शिका १९८५ सालची आहे.

त्यातला पहिला निकष वाहनांच्या संख्येचा. दोन्ही रस्त्यांना प्रत्येक दिशेला एकच लेन असेल, तर मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी मिळून तासाला ६५० वाहनं हवीत. शिवाय आडव्या रस्त्याच्या ज्या बाजूने जास्त गर्दी येते, त्या एका बाजूने तासाला २०० वाहनं हवीत. दोन्ही रस्ते दोन किंवा जास्त लेनचे असतील तर हेच आकडे ८०० आणि २५० होतात.

इथे एक मेख आहे. ही संख्या दिवसातल्या ८ तासांसाठी भरावी लागते. संध्याकाळी सहा ते आठ चौक तुंबतो आणि बाकी दिवसभर मोकळा असतो, तर या निकषात तो बसत नाही. तिथे त्या दोन तासांपुरता पोलीस किंवा वॉर्डन उभा करणं जास्त शहाणपणाचं ठरतं. नाहीतर दुपारी तीन वाजता रिकाम्या चौकात लाल दिव्यासमोर माणसं ताटकळतात, आणि चार दिवसांनी तो दिवा तोडायला लागतात.

दुसरा निकष सलग धावणाऱ्या रस्त्यासाठी. मुख्य रस्त्यावर तासाला १,००० वाहनं न थांबता जात असतील आणि गल्लीतून येणाऱ्या १०० वाहनांना घुसायला फटच मिळत नसेल, तर सिग्नलचा विचार करता येतो.

पायी चालणाऱ्यांचं काय?

त्यांच्यासाठी वेगळा निकष आहे. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तासाला ६०० वाहनं आणि तासाला १५० माणसं रस्ता ओलांडणारी, असं ८ तास दिसलं तर सिग्नल योग्य मानला जातो.

आकडा वाजवी वाटतो, पण तो मोजतो कुणाला? जे ओलांडतात त्यांना. ज्या आजी पलीकडच्या दवाखान्यात जायला घाबरून रिक्षा करतात, किंवा ज्या मुलांना पालक चालत शाळेत पाठवतच नाहीत, ती या मोजणीत कुठेच येत नाहीत. रस्ता जितका भीतीदायक, तितकी ओलांडणाऱ्यांची संख्या कमी आणि सिग्नलची गरजही कागदावर तितकी कमी! म्हणून शाळा, रुग्णालय किंवा बाजार असलेल्या चौकात नुसत्या या आकड्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

अपघात झाले की सिग्नल मिळतो?

लगेच नाही. १२ महिन्यांत नोंद झालेले ५ किंवा जास्त अपघात हवेत, आणि ते सिग्नलने टळू शकतील अशा प्रकारचे हवेत. त्याआधी कमी खर्चाचे उपाय करून पाहिलेले असावेत. वाहनांची संख्याही वरच्या निकषांच्या किमान ८० टक्के असावी लागते. यात अपघात कोणता धरायचा, तर कुणी जखमी झालेला किंवा २,००० रुपयांचं नुकसान झालेला. हा १९८५ सालचा हिशेब आहे. आज तेवढ्यात गाडीचा बंपरही येत नाही.

खरी अडचण 'नोंद' या शब्दात आहे. दुचाकी घसरली, गुडघा फुटला, दोघांनी रस्त्यातच पैशांवर मिटवलं, की तो अपघात सरकारदरबारी झालाच नाही. वर्षभर असं मिटवत राहिलेल्या चौकाची पाटी कोरीच राहते. मग एक दिवस मृत्यू होतो, आणि यादीत तो एकटाच असतो.

पण सिग्नल लावून टाकला तर बिघडतं काय?

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी भिडतात. त्यातल्या १६ ठिकाणी ते एकमेकांना छेदतात, आणि सर्वांत घातक धडका तिथेच बसतात. सिग्नल या आडव्या धडका कमी करतो. पण मागून ठोकण्याचे प्रकार वाढवतो, कारण पुढचा अचानक थांबतो आणि मागच्याला पिवळ्यातच निघायचं असतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने कमी रहदारीच्या एकेरी रस्त्यांवरचे १९९ सिग्नल काढून तिथे सर्व बाजूंनी 'थांबा' अशा पाट्या लावल्या. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथले अपघात २४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथे पाटी पाहून गाडी थांबते, आपल्याकडे थांबेल याची खात्री नाही, त्यामुळे तो प्रयोग जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण गरज नसलेला सिग्नल अपघात वाढवू शकतो, एवढं त्यातून कळतं.

दुसरी किंमत वेळेची. प्रत्येक वेळी हिरवा दिवा एका बाजूकडून दुसरीकडे जाताना काही सेकंद वाया जातात, कारण एक रांग थांबलेली असते आणि दुसरी अजून हललेली नसते. ब्रिटनच्या एफ. व्ही. वेबस्टर यांनी १९५८ साली यावरून एक सूत्र मांडलं. ते आजही वापरलं जातं. चारही बाजूंना वेगवेगळा हिरवा दिवा आणि दर बदलाला ४ सेकंद वाया, असं धरलं तर ६० टक्के भरलेल्या चौकाला साधारण ७२ सेकंदांचा फेरा पुरतो. चौक ८० टक्के भरला की फेरा १४५ सेकंदांवर जातो. ९० टक्क्यांना तो २९० सेकंद, म्हणजे जवळपास पाच मिनिटं होतो! प्रत्यक्षात फेरा १२० सेकंदांच्या आसपास रोखला जातो आणि रांग मागच्या चौकापर्यंत जाते. अशा चौकाला सिग्नल वाचवू शकत नाही. तिथे एखादं वळण बंद करणं किंवा रस्ता एकेरी करणं, असे कटू निर्णय घ्यावे लागतात.

मग आधी काय करून बघायचं?

बहुतेक चौकांची पहिली गरज दिसण्याची असते. कोपऱ्यावरची टपरी, चौकाच्या तोंडाशीच असलेला रिक्षा स्टँड, वळणावर लावलेल्या गाड्या आणि वाढदिवसाचे फ्लेक्स हटवले, तर येणारं वाहन आधी दिसतं. बसथांबा चौकापासून थोडा पुढे नेता येतो. दुभाजकातली धोक्याची फट बुजवता येते. रस्त्याच्या मध्ये उभं राहायला सुरक्षित जागा केली, तर माणूस एका वेळी एकाच दिशेची वाहनं बघून ओलांडतो. जागा असेल तर वर्तुळाकार चौक हाही चांगला पर्याय आहे. एक लेनच्या अशा चौकात ३२ ऐवजी ८ च ठिकाणी मार्ग भिडतात आणि वेग आपोआप उतरतो.

हे सगळं करूनही निकष पूर्ण होत असतील, तर सिग्नल हवाच. फक्त मग पादचाऱ्यांचा हिरवा दिवाही मोजून घ्यायला हवा. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलं तर १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद लागतात. काठी टेकत चालणाऱ्याला त्याहून जास्त.

नागरिकांनी काय मागावं?

साधारणपणे शहरात वाहतूक पोलीस आणि महापालिका मिळून हा निर्णय घेतात. राष्ट्रीय महामार्ग असेल तर महामार्ग यंत्रणाही त्यात येते. निवेदनात "सिग्नल बसवा" या ओळीआधी तीन गोष्टी मागायला हव्यात: चौकाची दिशावार वाहन आणि पादचारी मोजणी, मागच्या तीन वर्षांतल्या अपघातांची यादी, आणि आधी कोणते उपाय केले त्याची नोंद. यादीत अपघात दिसायला हवेत, तर किरकोळ वाटणारा अपघातही पोलिसांत नोंदवावा लागेल. हे कागद माहिती अधिकारात मागता येतात. मोजणी झालीच नसेल, तर "माहिती उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर येतं, आणि पुढच्या निवेदनाला तेच जोडता येतं.