द्राक्षाचा चोथा, ग्राप्पा आणि आपला बक्कस

गेल्या हिवाळ्यात इंदापूरकडील एका औषधनिर्मात्या मित्राचे द्राक्षारिष्ट नीट उठले नाही. तपासणीत मद्यार्क कमी भरला. त्यांनी आम्हांस विचारले : इटलीत वाइनच्या चोथ्यापासून मद्य गाळतात, तसे इकडे गाळून अरिष्टात मिसळले तर? दौंड तालुक्यात रोटी येथे वाइनरी उभी राहिल्यापासून चोथा बारामतीकरांना दूरचा राहिलेला नाही, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

त्या इटालियन मद्याचे नाव ग्राप्पा. वाइन काढल्यावर उरलेल्या साली व बियांचे ऊर्ध्वपातन करून ते काढतात. बस्सानो येथील नार्दिनी घराण्याची आसवनी 1779 पासूनची आहे. युरोपीय संघात हे नाव इटलीसाठी राखीव असून मद्यार्क किमान 37.5 टक्के असावा लागतो. तांबड्या वाइनचा चोथा रसाबरोबरच आंबलेला असल्याने थेट भट्टीवर चढतो. पांढऱ्या वाइनचा मात्र आधी आंबवावा लागतो.

अवशेषातून मद्यार्क काढणे आपणांस नवे नाही. माळेगाव व सोमेश्वर कारखान्यांच्या आसवनीत मळीचे तेच होते. शार्ङ्गधराने तर सुरेच्या थरांना नावेच दिली आहेत. वरची निवळ ती प्रसन्ना, खाली कादंबरी, जगल, मेदक. आणि सार निघून गेलेला चोथा तो बक्कस. (रोमनांच्या मद्यदेवाचे नाव बॅकस, हा योगायोग मोठा गमतीचा!) शार्ङ्गधर ज्यास निःसार म्हणतो त्यातच इटालियन माणूस सार शोधतो.

औषधाची गोष्ट निराळी. द्राक्षारिष्टात 50 पल द्राक्षांचा चतुर्थांश क्वाथ गाळून मग संधान होते. म्हणजे आपला चोथा आंबण्यापूर्वीच बाजूला पडतो, त्यात मद्यार्क नसतोच. वाइनरीच्या चोथ्याचे मद्य आणून घातले, तर ‘स्वयंजनित मद्यार्क’ हे लेबलावरील शब्द असत्य ठरतात. आकडा भरेल, पण संधानात मद्यार्क हळूहळू वाढत असता प्रक्षेपद्रव्यांचे गुण त्यात उतरतात, ती क्रिया अपुरीच राहील. शिवाय सालीतील पेक्टिनापासून मिथेनॉल होते. युरोपातही चोथ्याच्या मद्यास शुद्ध मद्यार्काच्या दर 100 लिटरमागे 1000 ग्रॅमची मर्यादा आहे, आणि भट्टीचा पहिला अंश फेकल्याने ते पुरते जात नाही. परवान्याविना गाळणे 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे वेगळेच.

मित्रास आम्ही एवढेच सुचविले की क्वाथ कोमट झाल्यावरच धायटीची फुले घालावीत, ती जुनी नसावीत आणि थंडीत संधानपात्र धान्याच्या राशीत किंवा भुशात ठेवावे. पुढचा घाणा त्यांनी तसाच लावला आहे.