सीबीसीच्या दोन ओळी आणि इम्युनोथेरपी (लेखांक ७)

देगलूरहून नांदेडला, हैदराबादला किंवा थेट मुंबईला निघालेल्या कॅन्सरच्या पेशंटच्या फाइलमध्ये सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद हमखास असतो. जांभळ्या टोपणाच्या बाटलीत थोडं रक्त घेतात, मशीन काही मिनिटांत ते मोजतं आणि रिपोर्ट हातात पडतो. घरचे लोक त्यात हिमोग्लोबिन बघतात, फार तर प्लेटलेट. आज आपण बघायच्या त्या न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या ओळी.

समजा न्यूट्रोफिल ७८ टक्के आणि लिम्फोसाइट १३ टक्के आहेत. ७८ ला १३ ने भागलं की ६ येतात. डॉक्टर या गुणोत्तराला एनएलआर म्हणतात. निरोगी माणसात ते साधारण १ ते ३ असतं.

मागच्या आठवड्यात आपण पाहिलं, की निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध स्वतः गाठ मारत नाही, टी पेशींवरचा पीडी-१ हा ब्रेक सोडवतं. या टी पेशी म्हणजे लिम्फोसाइटच. त्याच कमी असतील तर ब्रेक सुटून धावणार कोण? शिवाय गाठीभोवती दाह धुमसत असला की इंटरल्यूकिन-८ हे संदेश देणारं प्रथिन न्यूट्रोफिलना तिकडे ओढतं, आणि त्यांतले काही टी पेशींनाच दाबून टाकतात. इंटरल्यूकिन-६ यकृताला सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन बनवायला लावतं. म्हणून एनएलआरबरोबर बऱ्याचदा सीआरपीही चढलेला आणि अल्ब्युमिन उतरलेलं दिसतं.

२०१८ साली फ्रान्समधल्या गुस्ताव्ह रूसी संस्थेच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी याच धर्तीवर एक निर्देशांक मांडला. न्यूट्रोफिलचं इतर पांढऱ्या पेशींशी प्रमाण आणि रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम, एवढंच त्यात बघायचं. इम्युनोथेरपी घेतलेल्यांच्या पहिल्या गटात दोन्ही आकडे चांगले असणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ३४ महिने निघालं, दोन्ही बिघडलेल्यांचं ३ महिने. फरक डोळ्यांत भरण्यासारखाच आहे. पण पुढे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अनेक चाचण्यांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा किमोथेरपी घेणाऱ्यांमध्येही बिघडलेल्या आकड्यांचे पेशंट लवकर गेलेले दिसले. म्हणजे हा आकडा आजाराचा जोर दाखवतो. इम्युनोथेरपी लागू पडेल की किमो, हे तो सांगत नाही. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि नेमकी तीच घाईत निसटते.

आपल्याकडे याचं महत्त्व टाटा मेमोरियलच्या कामामुळे वाढलं. निवोलुमॅबचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि त्याचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरचा. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांवर चाचणी केली. निम्म्यांना तोंडाने घ्यायची औषधं दिली, निम्म्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. वर्षभराने पहिल्या गटातले १६.३ टक्के हयात होते, दुसऱ्यातले ४३.४ टक्के. तंबाखू-गुटख्याने ज्यांची तोंडं पोखरली, त्या आपल्या भागातल्या माणसांपर्यंत इंजेक्शन पोचण्याची वाट यातून दिसते. मग कोणाला उपयोग होईल हा प्रश्नही आपलाच होतो.

तोंडाच्या कॅन्सरमध्ये मात्र एनएलआर फसवू शकतो. किडलेला दात, जखमेतला पू, न्यूमोनिया, यांतल्या कशानेही न्यूट्रोफिल चढतात. उलटीसाठी किंवा सुजेसाठी दिलेल्या डेक्सामेथासोननेही चढतात. रेडिएशननंतर लिम्फोसाइट कित्येक महिने खाली राहतात. शिवाय धोक्याची रेघ कोणी ३ वर ओढतं, कोणी ५ वर. तेव्हा एका कागदावरचा ६ बघून 'आता इंजेक्शनचा उपयोग नाही' असं कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. आधी संसर्गावर उपचार करावा, स्टेरॉइड चालू आहे का विचारावं, पोटात अन्न जातंय का बघावं आणि रक्त पुन्हा तपासावं. उपचार सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी गुणोत्तर कुठल्या दिशेला गेलं, हे एकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलकं असतं. त्यासाठी जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून ठेवा आणि मोठ्या दवाखान्यात जाताना सगळे सोबत न्या.

एनएलआरची ही धोक्याची रेघ आपल्या पेशंटांसाठी कुठे ओढायची, ते आपल्याच नोंदींतून ठरायला हवं. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालू आहे, म्हणजे खेड्यापाड्यांतून हे काम होऊ शकतं. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने इम्युनोथेरपी घेणाऱ्या प्रत्येकाचा पहिला सीबीसी आणि वर्षभरानंतरची स्थिती एवढं जरी टिपून ठेवलं, तरी सुरुवात होईल. त्यासाठी नवी मशिनरी लागत नाही.

पुढील आठवड्यात: इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम, आणि त्यांतला कोणता दिसला की त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.